काळी चारचा अभंग, दहा बाय बाराची खोली

मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एका गाण्यात बसवणं, शिकवणारे जे व्हिडिओ सर्रास बघितले जातात त्यांत ड्रमसेट, बास गिटार, इलेक्ट्रिक गिटार आणि गाणारा एवढीच मंडळी असतात. त्यातले आकडे उचलून अभंगाला लावले की तबल्याची चाट टोचते, डग्गा फुगतो, पेटी गाणाऱ्याच्या अंगावर येते आणि टाळ सगळ्यांच्या वर जाऊन बसतो. आपल्या वाद्यांचा हिशेब वेगळा आहे आणि तो आपणच मांडायला हवा. म्हणून पुढचं सगळं एका ठरावीक सामग्रीला धरून: गायिका काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सा), तबला-डग्ग्याला दोन माइक, खर्ज-नर पेटी, अ‍ॅपवरचा तानपुरा, टाळांची एक जोडी आणि डाव्या-उजव्या बाजूंसाठी दोनदा गाऊन घेतलेला कोरस. एकूण आठ ट्रॅक. रेकॉर्डिंग पुण्यात, एरंडवण्यातल्या फ्लॅटमधल्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीत, मिक्सिंगही तिथेच, ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर. सॉफ्टवेअर रीपर, कारण ते ६० दिवस पूर्ण चालवून बघता येतं आणि नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. दुसरं कुठलं वापरत असाल तरी काही अडत नाही.

प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उघडावा. ४४.१ वाईट असं नाही, पण हल्ली गाणं व्हिडिओसकट जातंच आणि व्हिडिओचं सगळं ४८वर चालतं. २४ बिटचा फायदा असा की रेकॉर्डिंगची पातळी ताणून वर न्यावी लागत नाही. सर्वांत जोरकस तान किंवा थाप उणे १० डीबीच्या आसपास थांबली तरी पुरे. नंतर आवाज वाढवला म्हणून कन्व्हर्टरचा खरखराट डोकं वर काढत नाही. एका मोनो ट्रॅकला मिनिटाला साधारण ८.६ एमबी लागतात. म्हणजे सहा मिनिटांच्या गाण्याचे आठ ट्रॅक सव्वाचारशे एमबीच्या आत बसतात, तेव्हा जागेची काटकसर म्हणून एमपी-३मध्ये रेकॉर्ड करण्यात काहीच शहाणपण नाही. बफर (लॅपटॉप आवाज केवढ्या तुकड्यांनी उचलतो ते माप) रेकॉर्डिंगला १२८ सॅम्पल ठेवा, म्हणजे बफरपुरता उशीर २.७ मिलिसेकंद. मिक्सिंगला बसताना तो १०२४ करा. २१ मिलिसेकंदांच्या उशिराने मिक्सिंगचं काही बिघडत नाही आणि रिव्हर्ब (घुमणाऱ्या जागेचा आभास) लावल्यावर लॅपटॉपचं टकटकणं थांबतं. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर हवा. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे ठाऊक असूनही बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर गुरुवारीच काम काढणारे या शहरात कमी नाहीत.

दुपारी एक ते चार ही वेळ पुण्यात कशासाठी प्रसिद्ध आहे ते सांगायला नको. रेकॉर्डिंगला तीच बरी. गणपतीच्या आधी संध्याकाळी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव असतो आणि खिडक्या लावल्या तरी टोल भिंतीतून येतो. गायिकेच्या ट्रॅकमधून तो काढता येतो, डग्ग्याच्या ट्रॅकमधून नाही, कारण दोघांची वस्ती एकाच पट्ट्यात. ५० हर्ट्झचा गुणगुणाट असेल तर आधी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. तेवढ्याने गेला तर दोष अर्थिंगच्या बाजूला आहे. नाही गेला तर केबल तपासा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीतून नवी कोरी आणलेली माइकची एक्सएलआर केबलसुद्धा दोन्ही टोकांना उघडून तिन्ही तारांना नीट डाग दिलेला आहे ना ते बघावं. पिन एकला जोडलेली जाळी सुटली असेल तर गुणगुणाट येणारच. तो ईक्यूने (ठरावीक पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करणारं साधन) ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर बारीक खाचा पाडून कमी होतो. पण डग्ग्याच्या ट्रॅकवर १००ची खाच पाडली तर घुमाराही जातो.

फेडरला (ट्रॅकची पातळी कमी-जास्त करणारी पट्टी) हात लावण्याआधी तानपुरा आणि पेटी, हे दोनच ट्रॅक लावून ऐका. अ‍ॅपचा तानपुरा ४४० हर्ट्झच्या मापावर असतो, पेटी ज्याने लावली त्याच्या मापावर. पेटी ४४२ला असेल तर फरक जेमतेम ८ सेंटचा (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट), पण सा धरून ठेवला की आवाज सेकंदाला सुमारे दोनदा हेलकावतो. पुढे त्यावर कितीही प्लगइन (ईक्यूसारखी जोडसाधनं) चढवा, गाणं बेसूर का वाटतंय ते कळत नाही. पेटी हलवता येत नाही, तानपुरा येतो. रेकॉर्डिंगच्या आधी अ‍ॅपमध्येच तो ८ सेंट चढवून त्यावर तबला लावून घेणं उत्तम. राहून गेलं असेल तर तानपुऱ्याचा ट्रॅक पिच-शिफ्टने तेवढा वर घ्या. एवढ्याशा बदलाने जवारी, म्हणजे तानपुऱ्याचा झंकार, बिघडत नाही. अर्धा सूर चढवला तर मात्र बिघडते.

याच कारणाने गायिकेच्या आवाजावर सूर आपोआप दुरुस्त करणारं ऑटोट्यून नको. तानपुऱ्याशी मिळवून लावलेला शुद्ध गंधार सा पासून ३८६ सेंटांवर असतो, ऑटोट्यूनला माहीत असलेला ४००वर. ते इमानदारीत १४ सेंट वर ओढतं आणि लागलेला गंधार चढा करून ठेवतं. मींड असेल तर तिच्या पायऱ्या होतात. एखादा सूर खरंच घसरला असेल तर तेवढाच तुकडा हाताने सरकवावा, नाहीतर दुसऱ्या टेकमधला घ्यावा.

ग्रिडही (सॉफ्टवेअरच्या ठरावीक लयीच्या रेघा) बंद करा. भजनी ठेका पहिल्या कडव्यात ज्या लयीत असतो त्याच लयीत शेवटच्या गजरात राहिला तर काहीतरी चुकलंय. गाणं चालू ठेवून प्रत्येक आवर्तनाच्या समेवर एम कळ दाबत गेलं की खुणा पडतात, आणि पुढची सगळी कापाकापी त्या खुणांना धरून करता येते. पेटीवाले गायिकेच्या किंचित मागून येतात. ती साथ आहे. ती पुढे सरकवून आवाजाशी बरोब्बर जुळवली की पेटी गाते आणि गायिका तिच्या मागे गेल्यासारखी वाटते.

आता फेडर. सगळे प्लगइन बंद. आधी गायिका, मग तबला, डग्गा, पेटी, शेवटी तानपुरा, टाळ आणि कोरस. गायिकेचा फेडर शून्यावर ठेवून बाकीचे तिच्याभोवती खाली बसवत जायचे, तिला वर ढकलत जायचं नाही. मास्टरवर सर्वोच्च पातळी उणे ६ डीबीच्या वर जाऊ नये. तानपुरा बंद केला की उणीव भासावी आणि चालू असताना तिकडे लक्ष जाऊ नये, इतकाच हवा. या अवस्थेत गाणं सत्तर टक्के तरी उभं राहिलं पाहिजे. राहिलं नाही तर दोष बहुतेक वेळा माइकच्या जागेत किंवा टेकमध्ये असतो.

सर्वांत जास्त वेळ तबला-डग्ग्यावर जातो आणि जायलाही हवा. दोन माइक म्हणजे तबल्याची थाप दोन्हीकडे पोचते, डग्ग्याच्या माइकपर्यंत मात्र सुमारे ४० सेंटिमीटर जास्त चालून. आवाज मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे उशीर झाला १.२ मिलिसेकंदांचा. ज्या कंपनाचा अर्धा फेरा एवढ्याच वेळात पुरा होतो तिथे दोन्ही ट्रॅक एकमेकांना खातात. गणित केलं तर ती जागा निघते ४२० हर्ट्झच्या आसपास, आणि काळी चारमध्ये लावलेल्या तबल्याचा सा आहे ४१५ला. वेगवेगळे ऐकताना दोन्ही ट्रॅक सुरेख आणि एकत्र वाजवले की तबल्यातला सूरच गेलेला, असं होतं ते यामुळे. हे ईक्यूने भरून निघत नाही. डग्ग्याचा ट्रॅक मोठा करून एखादी ठसठशीत 'ना' शोधा, तिचं टोक दोन्ही ट्रॅकमध्ये कुठे आहे ते बघा आणि डग्ग्याचा ट्रॅक तेवढा, म्हणजे ५६-५७ सॅम्पल, अलीकडे ओढा. यात एक गोम आहे. डग्ग्याची थापही तबल्याच्या माइकवर उशिराच पोचलेली असते आणि ओढाओढीनंतर तो उशीर दुप्पट होतो. म्हणून तबल्याच्या ट्रॅकवर १८० हर्ट्झचा हाय-पास (त्याच्या खालचं कापणारा फिल्टर) लावायचा. घुमाऱ्याचा जो भाग त्या माइकमध्ये शिरला होता तो निघून जातो आणि भांडण मिटतं. शेवटी डग्ग्याची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) एकदा उलटी करून बघा. ज्या बाजूला घुमारा भरीव लागेल ती ठेवा.

तबल्यावर ईक्यू करताना हात आखडता. शाईमुळे तबल्याचे उपस्वर मूळ सुराच्या पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२०मध्ये दाखवलं. ड्रमच्या कातड्याचे तसे येत नाहीत. त्यामुळे ड्रमसाठी सांगितलेला उपाय, म्हणजे अरुंद पट्टा चढवून फिरवायचा आणि जिथे वाजतंय तिथे कापायचं, तबल्यावर केला की वाजणारी जागा नेमकी ८३० किंवा १२४५ हर्ट्झ निघते. ते कापलं की तबला उतरल्यासारखा ऐकू येतो. चाट टोचत असेल तर ४ किलोहर्ट्झच्या आसपास रुंद पट्ट्याने २ डीबी, त्याहून जास्त नाही. काँप्रेसर (ठरावीक पातळीच्या वरचा आवाज दाबणारं साधन) ३:१, अ‍ॅटॅक २५ मिलिसेकंद (दाबायला लागणारा वेळ), रिलीज ९० (सोडायला लागणारा). सुई ३ डीबीच्या पलीकडे जाऊ नये. अ‍ॅटॅक ५ ठेवला तर चाट दाबली जाते आणि मागे नुसता नाद उरतो.

डग्ग्याला ४० हर्ट्झचा हाय-पास, २२० हर्ट्झच्या डबाडबाटातून ३ डीबी कमी. काँप्रेसरचा रिलीज १०० मिलिसेकंदांच्या खाली नेऊ नका. ८० हर्ट्झचा एक फेराच १२.५ मिलिसेकंदांचा असतो. रिलीज त्याच्या जवळ गेला की काँप्रेसर प्रत्येक फेऱ्याच्या आत वर-खाली करतो आणि घुमारा फाटका येतो. आणि खोलीवर विश्वास ठेवू नका. बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झ आणि दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५७ हर्ट्झ घुमतात, त्यांच्या दुपटी ९४ आणि ११३. डग्ग्याची मींड याच पट्ट्यातून वर-खाली सरकते, त्यामुळे एक 'घे' दणदणीत आणि पुढचा बेपत्ता असं ऐकू येतं, तबलजींनी दोन्ही सारखेच वाजवलेले असतात. खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नये. लांब बाजूने समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर खुर्ची ठेवली तर बरंच सुधारतं. कोपऱ्यांत उभ्या केलेल्या गाद्या थोडी मदत करतात. भिंतीला चिकटवलेला इंचभर जाडीचा फोम खालच्या सुरांना काही करत नाही, त्यावर पैसे घालवू नका. डग्ग्याचा शेवटचा निर्णय हेडफोनवर घ्यावा.

फोनवर तर डग्गा मुळात वाजतच नाही. छोट्या स्पीकरला २००-३०० हर्ट्झच्या खालचं झेपत नाही. इथे ईक्यूने खालचं वाढवणं वाया. डग्ग्याच्या ट्रॅकची एक प्रत करून तिच्यावर सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडून वरच्या पटी तयार करणारं साधन) लावा, १५०च्या खालचं आणि ८००च्या वरचं कापा आणि ती प्रत मूळ ट्रॅकच्या १० डीबी खाली मिसळा. ८० हर्ट्झच्या १६०, २४०, ३२० अशा पटी तयार होतात, आणि कान त्यांवरून मूळचा खर्ज स्वतःच धरतो.

पेटी आणि गायिका हा दुसरा तंटा. एरवी सल्ला असतो की दोघांना ईक्यूने वेगवेगळ्या जागा द्या. पण इथे पेटी तेच सूर वाजवते जे गायिका गाते. मूळ सूरही एक आणि पटीही त्याच. ईक्यूने वाटणी होतच नाही. पेटीवर २.५ किलोहर्ट्झला रुंद ३ डीबीचा खड्डा केला तर शब्द उघडतात, ९०चा हाय-पास लावला तर भात्याची धडधड कमी होते, बस इतकंच. खरं काम ऑटोमेशनचं, म्हणजे गाण्याबरोबर फेडर वर-खाली हलवून नोंदवण्याचं. गायिका गात असताना पेटी अडीच-तीन डीबी खाली, ओळ संपून पेटीवाले भरणा करतात तिथे परत वर. कंटाळा असेल तर पेटीवर काँप्रेसर लावून त्याला गायिकेचा ट्रॅक साइडचेन म्हणून द्या, म्हणजे ती गायली की पेटी दबते: २:१, अ‍ॅटॅक ३०, रिलीज ३००. चालतं, पण आलापात पेटी श्वास घेतल्यासारखी फुगते-ओसरते, म्हणून आलापापुरतं हातानेच केलेलं बरं.

गायिकेच्या आवाजावर काँप्रेसरच्या आधी क्लिप गेन, म्हणजे एकेका तुकड्याची पातळी. ओळीच्या शेवटचं अक्षर खाली जातं आणि तार सप्तकातली हाक एकदम उसळते. हे तुकडे हाताने सारखे केले की काँप्रेसरला ३ डीबीचंच काम उरतं आणि हरकती चिरडल्या जात नाहीत. हाय-पास १००ला निर्धास्त लावा, काळी चारचा मंद्र पंचमसुद्धा १५६ हर्ट्झवर आहे. प, फ, भ यांचे धक्के पॉप फिल्टर माइकपासून चार इंचांवर असेल तर बहुतेक थांबतात. निसटलेला एखादा तेवढाच कापून फेड करावा. डी-एसर (सिसकारा दाबणारं साधन) एका ठिकाणी लावून भागत नाही. 'चांदणं'मधला च आणि स ६ ते ८ किलोहर्ट्झला सिसकारतात, श त्याच्या खाली ४-५ला. रुंद पट्टा धरला तर गायिका बोबडी होते. दोन अरुंद डी-एसर, प्रत्येकी ३ डीबीपर्यंत, हा आमचा नेहमीचा तोडगा.

टाळ. मीटरवर ते नेहमी फसवतात: टोक इतकं अणकुचीदार की मीटर लाल, आणि सरासरी काहीच नाही. रेकॉर्डिंगला टाळकरी माइकपासून पाच-सहा फूट लांब आणि थोडे तिरके उभे असतील तर निम्मं काम झालं. मिक्समध्ये ४००च्या खालचं काढा, आधी लिमिटरने (ठरलेल्या छताच्या वर आवाज जाऊ न देणारं साधन) टोकं ५-६ डीबी खुडा, १० किलोहर्ट्झच्या वर ३ डीबी उतार द्या, पॅन (डावी-उजवी जागा) एका बाजूला ३० टक्के. मग फेडर आवडेल तिथे ठेवा आणि तिथून २ डीबी खाली आणा. हे दोन डीबी गमतीने म्हटलेले नाहीत. तासभर ऐकून थकलेल्या कानाला वरचे सूर कमी ऐकू येतात, आणि सकाळी तेच मिक्स लावलं की टाळांशिवाय काही ऐकू येत नाही. शिवाय एमपी-३ होताना पहिला चरचराट टाळांतच उमटतो.

कोरसचे दोन टेक डावी-उजवीकडे ६० टक्के, १५०चा हाय-पास, गायिकेपेक्षा ८ डीबी खाली. यात फारसं काही नाही.

रिव्हर्ब एकच, सेंडवर, म्हणजे सगळे ट्रॅक हवे तेवढे पाठवतील अशा वेगळ्या वाटेवर. 'देवळाचा' म्हणून तीन सेकंदांचा लावायचा मोह सगळ्यांना होतो. भजनी ठेक्याच्या चढत्या लयीत तीन सेकंदांची शेपटी म्हणजे मागच्या आवर्तनाचे शब्द पुढच्या आवर्तनात. १.६ सेकंद, प्री-डिले (घुमणं सुरू होण्याआधीची फट) ३० मिलिसेकंद, रिव्हर्बच्या वाटेवर ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ७ किलोहर्ट्झच्या वरचं कापलेलं. डग्ग्याला तो अजिबात नको. तबल्याला हवाच असेल तर अर्ध्या सेकंदाचा वेगळा. सुरुवातीच्या आलापात सेंड २ डीबी वर, ठेका सुरू झाला की मूळ जागी.

मिक्स करताना ऐकण्याची पातळी ठरवून नॉबवर खूण करून ठेवा. शेजारी बोलणाऱ्याचं बोलणं ओरडल्याशिवाय ऐकू यावं एवढीच. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये मोजून दाखवलं की पातळी वाढली की कानाला खालचे सूर प्रमाणाबाहेर मोठे लागतात. मोठ्याने मिक्स केलेला डग्गा हळू आवाजात म्हणूनच गायब होतो. अधूनमधून मास्टर मोनो करून बघा. मंडळाचा कर्णा मोनो, टेबलावरचा एकटा ब्लूटूथ स्पीकर मोनो, आणि कोरस मोनोत दबून गेला की दोन टेकांपैकी काहीतरी उलटं-सुलटं जोडलंय.

शेवटी मोठेपणा, म्हणजे गाणं एकूण किती जोरात ऐकू येतं ते. यूट्यूब आणि स्पॉटिफाय यांचं माप उणे १४ लफ्स (मोठेपणा मोजायचं एकक). यूट्यूब मोठं गाणं खाली आणतं, लहान वर उचलत नाही. अभंगाला उणे १५-१६वर सोडलं तरी ऐकणाऱ्याला फरक पडत नाही आणि आलाप-गजरातलं अंतर शाबूत राहतं. मास्टरवर लिमिटर, छत उणे १ डीबी ट्रू पीक (खरं सर्वोच्च टोक), आणि तो २-३ डीबीहून जास्त दाबत असेल तर मिक्समध्ये परत जा. बहुतेक वेळा एकटा टाळ नाहीतर एकटी थाप सापडते. मापायला युलीनचं फुकटचं मीटर पुरेसं आहे.

निर्यात ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह. सीडीसाठी मागितलं तरच ४४.१, १६ बिट, आणि तेव्हा डिदर (बिट कमी करताना मिसळायची बारीक खरखर) चालू. मंडळाच्या स्पीकरसाठी वेगळी मोनो प्रत, ६० हर्ट्झचा हाय-पास लावून, कारण तिथे खालचे सूर आधीच वाढवलेले असतात. गायिकेला आणि साथीदारांना ऐकायला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. नाहीतर मधेच ती दाबली जाऊ शकते आणि 'टाळ चरचरतोय' असा निरोप येतो. सोबत प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल, सगळ्या एकाच शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या, काढून ठेवा. पेटी जरा वर हवी होती असं पेटीवाले म्हणतातच.